उत्तमनानांच्या मापकाठ्या

उत्तमनानांनी माझं माप घेतलं ते आमची धड ओळखही झालेली नसताना. सोनगीरच्या जिल्हा परिषद शाळेत माझी बदली झाली होती आणि राहायला त्यांच्या घराची पुढची खोली मिळाली होती. सामान उतरवून मी ओट्यावर चहा घेत बसले होते. तेवढ्यात पायजमा, बनियन आणि कानावर पेन्सिल अशा थाटात साठी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन उकिडवे बसले. हातातली बांबूची पट्टी त्यांनी माझ्या पायाशी उभी धरली, गुडघ्याच्या उंचीवर खूण केली आणि चकार शब्द न काढता आत निघून गेले. मी रावेरची. आमच्याकडे केळीचे घड मोजतात, भाडेकरणीचे पाय मोजत नाहीत. मी कप तसाच धरून बसले. शेवटी त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, दारातून म्हणाल्या, "घाबरू नको माय. नाना बठ्ठासनंच माप लेतस." बठ्ठासनं म्हणजे सगळ्यांचं.

चार दिवसांनी माझ्या खोलीत एक बैठं स्टूल आलं. त्यावर बसून मी वह्या तपासायला घेतल्या आणि तासाभराने लक्षात आलं की आज पाय दुखत नाहीत. माझी उंची बेताची. शाळेतल्या, बँकेतल्या, पाहुण्यांच्या घरातल्या सगळ्या खुर्च्यांवर मी आयुष्यभर पाय लोंबकळत बसत आले होते, आणि ते तसंच असतं असं धरून चालले होते. हे मी नानांना सांगितलं, तर त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. म्हणाले, "खुर्ची मानूसना मापनी जोयजे. मानूसनी काबरं खुर्चीना मापनं व्हवानं?"

नाना जातीचे सुतार नव्हते आणि धंद्यानेही नव्हते. उभी नोकरी त्यांनी विजेच्या खांबांवर काढली, लाईनमन म्हणून. लाकडाचा नाद लागला तो निवृत्तीच्या चार-पाच वर्षं आधी. केबल गुंडाळून येते ते मोठाले लाकडी ड्रम रिकामे झाले की कुजत पडायचे. साहेबांची परवानगी काढून नानांनी त्यातला एक घरी आणला. त्याचं जेवणाचं गोल टेबल झालं. त्यावर अजून काळ्या अक्षरात 'उलटे करू नये' असं छापलेलं आहे आणि पाहुणा ताट उचलेपर्यंत त्याला ते दिसत नाही. घरात बुद्धमूर्तीच्या खालचं पुस्तकांचं कपाट, ओट्यावरची बंगई, अक्कांची भाकरी थापायची लाकडी काथवट, सगळं नानांच्या हातचं. बंगई साध्या झोपाळ्यापेक्षा फूटभर रुंद आहे. दोघांसाठी सांगितली होती, पण तिसरं माणूस येऊन टेकतंच, असा त्यांचा हिशेब.

मागच्या खोलीत भिंतीला खिळ्यांवर बांबूच्या पट्ट्या टांगलेल्या असत. घरातल्या प्रत्येकाची एक. गुडघा, कोपर, बसल्यावर खांदा, वर हात केल्यावर बोटांचं टोक, अशा खाचा. वर नाव. लेकीच्या सासरच्या माणसांच्यासुद्धा होत्या. नातवंडांच्या पट्ट्यांवर खाचांची गर्दी, कारण दर सहा महिन्यांनी नवं माप. नाना टेप वापरत नसत. टेपवरचा आकडा कुणाचाही असू शकतो, काठी मात्र त्याच माणसाची असते, असं त्यांचं म्हणणं. मला ते वेडेपणाचंच वाटे. पण माझीही काठी तिथे लागली, तेव्हा मी गुपचूप दोनदा जाऊन बघून आले हे कबूल करते.

दुसरी एक सवय सांगायलाच हवी. रंधून झालेल्या फळीवर ते तळवा कधी फिरवत नसत, उलटा हात फिरवत. मला वाटलं, खांबावरची सवय. लाईनमन तारेचा अंदाज आधी उलट्या हातानेच घेतो, कारण झटका बसला तर मूठ आवळते. नाना म्हणाले, तेही आहेच, पण खरं कारण वेगळं. त्यांच्या तळव्याला इतके घट्टे पडले होते की लाकडाचं कुसळ टोचलं तरी कळत नसे. हाताची पाठ मात्र लहान मुलाच्या कातडीसारखी राहते. तिला टोचलं नाही, तर पोराला टोचणार नाही.

त्यांचा मुलगा मिलिंद धुळ्याच्या कारखान्यात कामाला जाई. तो मोबाईलवर परदेशातल्या हौशी सुतारांचे व्हिडिओ आणून दाखवी. नाना आवाज बंद करून ते बघत आणि नाक मुरडत. "त्याना लाकूडले एक बी गाठ नही," असं म्हणून फोन परत देत, "असा लाकूडवर कोनी बी सुतार व्हई." पण एका व्हिडिओतली घसरगुंडी त्यांच्या मनात भरली. जुन्या दाराच्या फळ्या काढून, रंधून, पॉलिश करून, वर शेंगदाण्याचं तेल चोळून त्यांनी ती अंगणात उभी केली. मुलांच्या आधी मोठ्याने बसून बघायचं हा त्यांचा नियम. त्या दिवशी अक्कांनी घसरगुंडीच्या तोंडाशी, म्हणजे चांगली चार हात लांब, जुन्या साडीवर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घातले होते. चार हात पुरेसे आहेत असा नानांचा अंदाज होता. तेलाचा अंदाज चुकला. नाना वरून सुटले ते सरळ बिबड्यांच्या मधोमध जाऊन बसले. गल्लीतली सगळी पोरं हसली, मी हसले, मिलिंद हसून खाली बसला. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत. पुढे महिनाभर नानांच्या ताटात बिबड्याचा चुराच पडत होता, आणि तो ते मुकाट्याने खात.

धुळ्याच्या एका दुकानदाराला त्यांचा लाकडी घोडा आवडला आणि तसे दहा हवेत म्हणून तो आला. नानांनी विचारलं, कोणासाठी. दुकानात ठेवायला, असं तो म्हणाला. "पोरगाले लई ये," म्हणजे पोराला घेऊन ये, नाना म्हणाले, "पाय मोजना पडतीन." तो माणूस थट्टा समजून हसला आणि नंतर रागावून गेला.

तर असा हा मापाचा माणूस, आणि त्याचं माप चुकलं. तेही जिच्यासाठी चुकायला नको होतं तिच्याबाबतीत.

प्रज्ञा ही मिलिंदची मुलगी. जन्मताना तिचा श्वास अडकला होता. त्यामुळे पाठीत आणि पायांत जोर नव्हता. डोकं तल्लख, तोंड सुरू झालं की थांबत नसे, पण बसवलं की एका बाजूला कलायची. मी राहायला गेले तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि बहुतेक वेळ नानांच्या मांडीवर असायची. नाना एका हाताने तिला धरत आणि दुसऱ्या हाताने काम करत. काही कामं त्यांनी एकहातीच करायची शिकून घेतली होती.

तिला पहिलीत घालायची वेळ आली. आमचे मुख्याध्यापक सज्जन माणूस. त्यांनी स्पष्ट सांगितलं की नाव पटावर घेऊच, प्रश्न तिच्या येण्याचा आहे. अर्धा दिवस आधाराने का होईना नीट बसू शकली, तर वर्गात येऊ दे. नाहीतर आठवड्यातून दोनदा शिक्षक घरी येऊन शिकवतील, तशी सोय आहे. सोय चांगलीच होती. पण सुजाता, प्रज्ञाची आई, माझ्या खोलीत येऊन रडली. घरी शिकेल ती, म्हणाली, पण मैत्रीण कुठून आणू. धुळ्याच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनीही हेच सांगितलं होतं की पाठ धरून ठेवणारी खुर्ची मिळाली तर हात मोकळे होतील, आणि हात मोकळे झाले तर मुलगी लिहील. तयार खुर्च्या पुण्याकडे मिळत होत्या. नाना म्हणाले, नातीची खुर्ची पुण्याहून येणार असेल तर मी काठ्या कशाला टांगल्यात.

त्यांनी आपल्या आईचा सागवानी पलंग मोडला. तीन आठवडे मागच्या खोलीतून रंध्याचा आवाज येत होता. मेच्या मध्यावर खुर्ची तयार झाली. मी आयुष्यात इतकी देखणी खुर्ची पाहिलेली नाही. हाताच्या टोकांना दोन पोपट कोरले होते, कारण प्रज्ञाला पोपट आवडत. अक्कांनी औक्षण करायचं तेवढं ठेवलं. सगळ्यांसमोर तिला बसवलं, आणि ती बसली. आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपायच्या आत ती हळूहळू डावीकडे कलली, हनुवटी छातीवर टेकली, आणि पोपटावर गाल दाबून तशीच राहिली.

नानांनी उशी लावली. ती उशीसकट घसरली. त्यांनी पट्टी जोडली, पाठ मागे झुकवली, पुढे आणली. आठ दिवस हेच. काठी पुन्हापुन्हा खुर्चीला लावून बघत, खाच आणि खाच जुळत होती. माप बरोबर आणि मुलगी वाकडी. एकदा मी चहा द्यायला गेले, तर ते खुर्चीसमोर जमिनीवर बसले होते आणि मला वाटतं त्यांना माझी चाहूलही लागली नाही. शाळा उघडायला तीन आठवडे राहिले होते.

चूक सुजाताच्या लक्षात आली. ती जळगावची, शिकलेली, सासऱ्यांसमोर फारसं न बोलणारी. त्या दिवशी मात्र बोलली. तिने विचारलं, नाना, काठी केली तेव्हा प्रज्ञा कुठे होती? मांडीवर, नाना म्हणाले, नेहमीसारखी. आणि तुमचा हात? नानांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. तो तेव्हाही प्रज्ञाच्या कमरेभोवती होता. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, मी तिनं माप लिधंच नही. मी मन्हा हातनं माप लिधं."

खरंच, माप तिचं नव्हतं, त्यांच्या हाताचं होतं. नानांच्या हाताने सरळ धरलेल्या मुलीची ती खुर्ची होती. तशी मुलगी नानांच्या हाताबाहेर नव्हतीच.

सुजाताने चटई अंथरली, दोन्ही बाजूंना गोधड्या रचल्या आणि प्रज्ञाला भिंतीला टेकवून बसवलं. "नाना, हात काढा," ती म्हणाली.

"पडी जाई ती."

"पडू द्या. ती कशी पडते तेच बघायचंय आपल्याला."

खांबावर वीस-वीस फूट उंच काम केलेला माणूस, पण त्यांचा हात सुटेना. सुजाताने सासऱ्याचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवावं तसा तो हात काढून घेतला. प्रज्ञा क्षणभर सरळ राहिली. मग कमरेच्या जरा वरून डावीकडे वाकली, खांदा आधी गेला, मग डोकं, आणि ती गोधडीवर पडली. नानांनी डोळे मिटून घेतले होते. गोधडीतून आवाज आला, "आखो." म्हणजे पुन्हा. तिला तो खेळ वाटला होता. जन्मल्यापासून तिला पहिल्यांदाच कुणी पडू दिलं होतं.

मग ती पंधरा-वीस वेळा पडली आणि दर वेळी खदखदून हसली. नाना कोळशाने भिंतीवर खुणा करत होते: पहिली वाकते ती जागा, खांदा जातो ती जागा, गुडघे एकमेकांवर चढतात ती जागा. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते पुसायला त्यांना हात रिकामा नव्हता. मी तिथून उठून बाहेर जायला हवं होतं. गेले नाही, बरं झालं.

दुसरी खुर्ची पहिलीसारखी देखणी नव्हती. डाव्या बरगडीशी गोधडीच्या कापडाची गादी बसवलेला एक लाकडी पंजा, गुडघ्यांच्या मध्ये एक ठोकळा, आणि कमरेला नानांच्या खांबावर चढायच्या जुन्या पट्ट्यातून कापलेला पट्टा. प्रज्ञा तिच्यात बसली ती बसलीच. दोन्ही हात मोकळे झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे समोरच्या ताटलीतले शेंगदाणे दोन्ही हातांनी तोंडात कोंबले. धुळ्याच्या मॅडमनी खुर्चीचे फोटो काढून घेतले.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिलीचा वर्ग माझाच होता. नानांनी स्वतः खुर्ची आणून लावली, प्रज्ञाला बसवलं, पट्टा बांधला, आणि ते बाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली जाऊन बसले. काही लागलं तर असावं, म्हणाले. आणि तेव्हा आम्हा दोघांनाही, एवढ्या वर्षांची मास्तरीण असून मलाही, एक साधी गोष्ट पहिल्यांदा दिसली. माझ्या वर्गात मुलं सतरंजीवर बसतात. बत्तीस मुलं खाली आणि प्रज्ञा एकटी वर, भिंतीशी, कचेरीतल्या साहेबासारखी. पोरांनी तिला साहेबच करून टाकलं. येता-जाता सलाम ठोकायची. पहिल्या दिवशी तिला गंमत वाटली. खाली डबे उघडले, मुली एकमेकींच्या डब्यात हात घालू लागल्या, ते ती वरून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने पट्टा ओढायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी म्हणाली, मला घरी न्या, शाळा नको.

मी खिडकीतून पाहिलं. नाना उठून आले होते आणि गज धरून उभे होते. मला वाटलं, आता हे पोरीला उचलतील आणि घेऊन जातील, आणि सगळं तिथेच संपेल. खरं सांगायचं तर मीही तेवढ्यात हात टेकले होते. बत्तीस पोरांना सांभाळून मी तिच्यापाशी किती बसणार होते? नानांनी आत येऊन तिला उचललं, माझ्या मांडीवर दिलं आणि खुर्ची घेतली. दारातून जाताना म्हणाले, "खुर्ची तिना मापनी व्हयनी. वर्गनं माप लेवानं ऱ्हाई गयं."

दुपारी मी घरी गेले तेव्हा अंगणात सागवानाचे चार पाय कापून पडले होते. आईच्या पलंगाचे, कातलेले पाय. नानांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते खाली रुंद फळी बसवत होते, जमिनीपासून जेमतेम दोन बोटं वर. पुढे लिहायची पाटी जोडली, ती मात्र मुद्दाम लांब ठेवली, शेजारची मुलगी मांडी घालून बसली तर तिचीही वही मावेल अशी. एकीचं माप घेऊन दोघींचं सामान करायची ही खोड मला बंगईवरून माहीत होती.

सोमवारी प्रज्ञा सतरंजीवर होती. डब्याच्या सुट्टीत तिचा आणि शेजारच्या हर्षालीचा डबा त्या एकाच पाटीवर उघडला. हर्षालीने न विचारता हिची शेव उचलली आणि हिने तिच्या हातावर चापट मारली. भांडण माझ्याकडे आलं. दोघींना रागावताना मला जे बरं वाटत होतं ते मी तोंडावर दिसू दिलं नाही. महिनाभरात त्या पाटीशेजारी कोण बसणार यावरून वर्गात पाळी लावावी लागली.

नाना मात्र लिंबाखालून हलले नाहीत. पहिलीचं वर्ष गेलं, दुसरीचं गेलं. वर्गाबरोबर मी पुढे सरकत होते आणि झाडाच्या सावलीबरोबर नाना. प्रज्ञाची ती बिनपायांची बैठक दोनदा वाढवून झाली. सकाळी तिला बसवायचं, पट्टा लावायचा, बाहेर जाऊन बसायचं. गरज अशी कधी पडलीच नाही. मी म्हणून बघितलं, अक्कांनी म्हणून बघितलं, मिलिंदने तर सुजाताकरवीही सांगून पाहिलं. नाना म्हणत, मला तरी घरी काय काम आहे. घरी तिच्यासाठी उभं राहायचा लाकडी स्टँड अर्धवट पडला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ती पडणार नाही असं माप त्यांनी घेतलं होतं, पण त्यावर त्यांचाच भरवसा बसत नव्हता.

तिसरीच्या जुलैत माझी बदली रावेरला झाली. घराजवळ जायला मिळणार म्हणून मला आनंद झाला आणि तो आनंद मी नानांना सांगू शकले नाही. माझ्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. नानांनी नेहमीप्रमाणे प्रज्ञाला बैठकीत बसवलं आणि पट्ट्याला हात घातला. तिने तो हात बाजूला केला, स्वतः पट्टा ओढला, बक्कल दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा लागलं. मग म्हणाली, "नाना, तू आते घर जाय. शाळा सुटनी का मंग ये." आवाजात राग नव्हता, लाडही नव्हता. हर्षालीला सांगावं तसं सांगितलं आणि वही काढायला लागली.

नाना उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ते बाहेर पडले, लिंबापाशी पोचले, आणि त्यांची पावलं मंदावली. मी हजेरीपट उघडला आणि नावं घ्यायला लागले. एक डोळा खिडकीकडे. नाना झाडापाशी थांबले नाहीत. मैदान ओलांडून फाटकाशी गेले. मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नसावं. आधी मागे बांधले, मग सोडले.

प्रज्ञाचं नाव आलं. ती जरा डावीकडे कलली होती, तशी ती नेहमीच कलते. तिने "हजर" म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्याने म्हटलं की पुढच्या रांगेतल्या मुलांनी मागे वळून पाहिलं. फाटकात नाना क्षणभर थबकले. मग मागे न बघता फाटकाची कडी लावली आणि घराकडे चालू लागले.